निळ्या पट्टीचा सचिव

त्यानं जन्मात कुणावर हात उगारला नाही, असं आमच्या गावात आजही कौतुकानं सांगतात. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. नाही उगारला, हे खरंच आहे. पण एकदा तरी उगारायला हवा होता, आणि तो दिवस कोणता ते मला चांगलं माहीत आहे. गावालाही माहीत आहे. गाव मोठ्या मनाचं म्हणून बोलत नाही. मी तेवढी मोठ्या मनाची नाही.

तोंडावर मी त्याला भाऊच म्हणायचे. चंद्रपूरकडच्या मूल या बाजारगावापासून सायकलनं तासाभरावर आमचं ढिवरांचं, म्हणजे मासोळी धरणाऱ्यांचं गाव, गावाला मालगुजारांच्या वेळचा जुना तलाव, आणि त्या तलावावर जाळं टाकणाऱ्यांची जी मच्छीमार सोसायटी होती तिचा तो सचिव. त्याचं खरं नाव मागे पडलं आणि 'सचिवभाऊ' एवढंच उरलं. इथे मात्र मी त्याला 'तो' म्हणणार आहे. भाऊ लिहायला हात वळत नाही.

नागपूरला राहून इतिहासात एम.ए. झालेला माणूस. नोकरी लागली नाही की त्यानं लागू दिली नाही, देव जाणे. अंगानं काटकुळा, खिशाला दोन पेनं, पायात चप्पल कधीच नाही. खुर्चीत बसला तरी मांडी घालून बसायचा. चहा पुरता थंड झाल्याशिवाय ओठाला लावायचा नाही. गरम चहा पिणाऱ्याला कसली तरी घाई असते आणि घाईचा माणूस हरतो, असं त्याचं म्हणणं. त्याच्यासोबत चहा प्यायला बसलेल्या माणसाचा दुसरा कप व्हायचा, तिसरा व्हायचा, आणि हा आपला बशीतल्या सायीकडे बघत बसलेला.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. मूलच्या बाजारात सायबर कॅफे निघाला होता आणि मी तिथे बसायचे. ती नोकरी मला त्यानंच मिळवून दिली, हेही सांगून टाकते, नाहीतर म्हणाल उपकार विसरली. कॅफेच्या मालकाला कामाला पोरगा हवा होता. हा जाऊन त्याच्यासमोर बसला.

"काय काम हाये?" मालकानं विचारलं.

"काई नाई. बसलो."

दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसला. मग माझा विषय काढला. मालक म्हणाला, पोरीले कसं ठेवू, शटर वजनदार हाये. हा म्हणाला, "अजून?" मालक म्हणाला, पोट्टे येतात, कायबाय पाह्यतात. "अजून?" मालकानं आणखी कारणं काढली, बसची, घरच्यांची, इंग्रजीची. प्रत्येक कारण यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढचं मागितलं. कोणत्याच कारणाला उत्तर दिलं नाही. शेवटी मालकाजवळ कारण उरलं नाही. त्याचं त्यालाच ऐकून ऐकून लाज वाटली असावी. म्हणाला, "जाऊ द्या ना भाऊ, पाठवा तिले सोमवारपासून."

'अजून?' हे त्याचं हत्यार. शिव्या देणाऱ्यालाही तेच, रडणाऱ्यालाही तेच. माणूस बोलून बोलून रिकामा होतो आणि रिकाम्या माणसाशी भांडायची गरज पडत नाही, हे त्याचं तत्त्वज्ञान. लोकांना त्याची मोठी मजा वाटायची. त्याची बायको तापट होती. ती भांडायला उभी राहिली की हा भिंतीला टेकून म्हणायचा, "अजून?" अख्खं गाव ते किस्से सांगून हसायचं. एक दिवस तिच्याजवळ बोलायला काही उरलं नाही. तिनं लुगडी बांधली आणि सिंदेवाहीकडे भावाच्या घरी निघून गेली, ती आलीच नाही. गाव त्यावरही हसलं. मला तेव्हाही ते हसू समजलं नव्हतं.

आता त्याच्या खेळाबद्दल सांगते, कारण त्याशिवाय हा माणूस कळायचा नाही.

बायकांच्या मासोळीच्या टोपल्या सायकलला बांधून तो भल्या सकाळी मूलच्या बाजारात आणायचा. माझी आईही त्यातच. बायका विकायला बसल्या की बाजार उठेपर्यंत त्याला काम नसायचं. मग हा अनवाणी पायानं कॅफेत यायचा आणि कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर मांडी घालून बसायचा. पोरांच्या गाड्यांच्या शर्यतीसाठी मालकानं त्या एका कॉम्प्युटरला चांगलं ग्राफिक्स कार्ड टाकलं होतं. पुण्यात नोकरीला लागलेल्या त्याच्या भाच्याचं एका परदेशी खेळात खातं होतं. भाच्याला वेळ नव्हता, त्यानं ते मामाला देऊन टाकलं. सुपरहिरोंचा खेळ. जगभरची माणसं एकाच वेळी खेळायची. आपली सकाळ म्हणजे अमेरिकेतली संध्याकाळ, त्यामुळे याचे साथीदार सगळे तिकडचे, कामावरून घरी आलेले.

या खेळात प्रत्येकाच्या डोक्यावर दोन पट्ट्या असतात. हिरवी म्हणजे जीव. निळी म्हणजे ताकद. ठोसा मारायचा, आग फेकायची, उडायचं, काहीही करायचं तर निळी पट्टी खर्च होते. सगळं जग समोरच्याच्या हिरव्या पट्टीवर तुटून पडतं. जीव घेतला की संपलं. हा एकटा असा होता की ज्यानं आपला हिरो घडवतानाच ठरवलं, आपण हिरव्या पट्टीला हात लावायचा नाही, निळी पट्टी शोषून घ्यायची. विजेची शक्ती घेतली, आणि मिळेल ती प्रत्येक बढती जोर वाढवण्यात न घालता शोषण्यात घातली. कॅफेतल्या पोट्ट्यांनी त्याला वेड्यात काढलं. असला हिरो एकटा एक चोरही मारू शकत नाही, एवढा कमजोर. तो म्हणाला, "माराचं काम करणारे गंज हायेत, ढिगानं."

त्या हिरोला कपडे चढवायची सोय होती. मुखवटे, पंख, लोखंडी छात्या, हवं ते. यानं उघडं अंग, आखूड चड्डी आणि अनवाणी पाय निवडले. नाव दिलं 'ढिवर'. अमेरिकन लोकांना ते म्हणता यायचं नाही, म्हणून ते त्याला 'डी' म्हणायचे. टेक्सासकडची एक म्हातारी खेळात साथीदारांच्या जखमा भरायचं काम करायची. ती रोज लिहायची की डी आला की माझं अर्धं काम कमी होतं.

आणि ते खरंच होतं, मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मोठा राक्षसासारखा खलनायक, साथीदार मागे सरकलेले, आणि हा चड्डीतला उघडा माणूस चालत चालत त्याच्या पायाशी जाऊन उभा राहायचा. निळ्या ठिणग्या उडायच्या. राक्षसाची निळी पट्टी सरसर उतरायची आणि तो हात वर करून तसाच उभा. मारता येत नाही, पळता येत नाही. मग बाकीचे येऊन आरामात त्याची हिरवी पट्टी संपवायचे. त्या वेळी हा स्क्रीनकडे बघायचाही नाही, थंड चहा प्यायचा.

एकदा मी विचारलं, थोडी पट्टी राहिली तर काय होतं? त्यावर त्यानं मला समोर बसवून समजावलं होतं.

"हेच लोकायले समजत नाई, पोरी. नव्वद टक्के रिकामा केला म्हणजे नव्वद टक्के काम झालं असं नसते. सुईच्या टोकाएवढी जरी निळी उरली ना, तो एक ठोसा मारते. आन् तो ठोसा पुराच लागते, अर्धा नाई लागत. एक तं पुरा रिकामा करा, आन् परत भरू देऊ नका. नाई तं सुरूच करू नका."

हे त्याचे शब्द. मी एकही पदरचा घातलेला नाही.

मध्येच लाईन जायची. चंद्रपूरच्या चिमण्या दिवसरात्र धूर ओकणार, तो धूर आम्ही खाणार, त्यातून निघालेली वीज मुंबई-पुण्याच्या लिफ्टांना आणि आमच्याकडे भर सकाळी भारनियमन. मी शिव्या द्यायचे. तो शांतपणे आपल्या हिरोला एखाद्या भिंतीआड उभा करायचा, साथीदारांना लिहायचा की माझीच निळी पट्टी गेली, आणि यूपीएसची बॅटरी संपेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसायचा. लाईनवर चिडून लाईन येते काय, असं मला विचारायचा.

तर असा माणूस आमच्या सोसायटीचा सचिव होता, आणि त्याच काळात तलावाच्या ठेक्याची मुदत संपत आली.

आमच्या गावाला शेती म्हणजे नावापुरती. जे काही होतं ते तलावात होतं. आई त्या मासोळीवर घर चालवायची, माझी बारावी त्या मासोळीवर झाली. ठेका सोसायटीकडेच राहायचा, आजवर कुणी आडवं आलं नव्हतं. त्या वर्षी एक ठेकेदार आला. त्यानं स्वतःच्या घरगड्यांची नावं घालून दुसरी मच्छीमार सोसायटी उभी केली. त्यातल्या एकानंही पाण्यात पाय घातला नव्हता. पावसाळ्यात एका सकाळी त्यानं माणसं पाठवून आमच्या तलावात मासोळीचं बीज सोडलं आणि सगळीकडे सांगत सुटला, बीज माझं तर तलाव माझा. आमच्या ठेक्यावर त्यानं चंद्रपूरच्या मत्स्य विभागाच्या ऑफिसात आक्षेप घेतला. वर कुणा पुढाऱ्याचा हात होता.

पोरं पेटली होती. त्यांची जीप तलावात ढकलू म्हणत होती. तो म्हणाला, "कोणी हात लावाचा नाई. त्याची ताकद काढून घेऊ."

आणि काढली. हे मी नाकारत नाही. तशी लढाई पुन्हा कुणी लढली नसेल. ठेकेदारानं बोलावलं की हा जायचा, ऐकून घ्यायचा, एक बारीकशी शंका काढायचा आणि म्हणायचा, पुढच्या वेळी बोलू. चंद्रपूरच्या ऑफिसात तारीख लागली की अख्खं गाव घेऊन जाऊन व्हरांड्यात बसायचा, भाकरी सोडायचा, कुणाला काही मागायचा नाही. साहेब दारातून डोकावले की सगळ्यांना उठून नमस्कार करायला लावायचा.

ठेकेदाराची गावातली सभा तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. पोळ्यानंतरचे दिवस. ठेकेदार पांढऱ्या जीपमधून माणसं घेऊन समाजमंदिरात आला. यानं आधीच सांगून ठेवलं होतं, आपापली जाळी घेऊन या, विणत बसा, हो म्हणू नका, नाही म्हणू नका. ठेकेदारानं आधी गोड बोलून पाहिलं. रस्ता करून देतो, मंदिराला रंग देतो. सगळे जाळी विणताहेत. मग धमक्या दिल्या. विणताहेत. मग आयाबहिणींवर गेला. माझ्या आईचे हात थांबले नाहीत, मी तिच्या शेजारी बसून दात आवळत होते. मग त्याचा आवाज बसला. घाम पुसून त्यानं पाणी मागितलं. हा उठला, स्वतः तांब्या भरून आणून दिला, आणि तो पाणी पिऊन झाल्यावर अदबीनं विचारलं, "अजून?"

जीप फाटा ओलांडेपर्यंत आम्ही हसू दाबून धरलं. मग म्हाताऱ्या बायकासुद्धा जमिनीवर लोळल्या. त्या दिवशी मला तो माणूस फार मोठा वाटला होता.

हळूहळू जीप यायची बंद झाली. पुढारी ठेकेदाराचा फोन उचलत नाही अशी बातमी आली. त्याचे घरगडी तारखांना यायचे सोडून देऊ लागले. दिवाळी झाली आणि चंद्रपूरला शेवटची तारीख लागली. त्या दिवशी ठेकेदार मोटारसायकलवर एकटाच आला. दाढी वाढलेली. साहेब आतून म्हणाले होते, समोरच्या सोसायटीचे सभासद आले नसले तर आजच तुमच्या बाजूनं मोकळं करतो. आत जायचंच बाकी होतं. तेवढ्यात तो माणूस येऊन व्हरांड्यात याच्या शेजारी खाली बसला. मी आणि आई हाताच्या अंतरावर होतो.

"थकलो सचिवभाऊ," ठेकेदार म्हणाला. "तुम्ही जिंकले. माझा आक्षेप मी मागं घेतो, तलाव तुमचा. फक्त या सालची मासोळी मले काढू द्या. बीजाचा तरी खर्च निघन. घरी तोंड दाखवाले जागा नाई राह्यली."

याला आत जायचं होतं, बस. उठायचं आणि आत जायचं. त्यानं त्या माणसाच्या थरथरणाऱ्या हातांकडे पाहिलं. आणि मी सांगते, त्याच्या चेहऱ्यावर दया नव्हती. आपण केलेली करामत बघताना कारागिराच्या चेहऱ्यावर जे येतं ते होतं.

"काढा," तो म्हणाला.

बसस्टँडवर मी त्याला अडवलं. "काऊन हो म्हटलं तुमी?"

"त्याच्यात काई उरलं नाई, पोरी. हात पाह्यले नाई काय त्याचे?"

"उरलं नाई तं मागून कसा राह्यला? मागाले ताकद लागते का नाई? तुमीच म्हणता ना, सुईच्या टोकाएवढी उरली तरी पुरा ठोसा बसते म्हून?"

"तो खेळ होय. हा माणूस होय."

"मंग आजवर त्याच्यासंग काय खेळून राह्यले होते?"

तो हसला. माझ्याकडे पाहून त्यानं आपला तो एक शब्द उच्चारला. आई मध्ये पडली. "चूप राह्य ना वं. लेकराबाळायचा होय तो. एक साल खाईन, खाऊ दे." बसमध्ये सगळे खुशीत होते. कुणीतरी चिवडा वाटला. मी घेतला नाही.

आता आमच्या तलावाची एक गोष्ट सांगायला हवी. तलावाच्या पूर्वेला पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, एक खोल डोह होता, काठावर शेंदूर लावलेला दगड. मातामायचा डोह. त्या डोहात कुणी जाळं टाकायचं नाही. उन्हाळ्यात तलाव आटत आला की मासोळी तिथे गोळा व्हायची आणि पावसाळ्यात तिथूनच पुन्हा सगळ्या तलावात पसरायची. मरळ, शिंगूर, आमच्या पाण्यातलं जे काही होतं ते तिथून यायचं. हा नियम कुणी कुणाला शिकवला नव्हता. पोरगं पाण्यात उतरायला लागलं की त्याला तो आपोआप ठाऊक असायचा. त्यामुळे त्या व्हरांड्यात सचिवाच्या किंवा गावातल्या एकाही माणसाच्या मनात आलं नाही की डोह सोडून काढा असं सांगावं लागतं. कुणी आपल्या आईचं घर जाळू नका असं बजावतं का? ढिवरच असली चूक करू शकतो. ठेकेदार ढिवर नव्हता.

धान निघालं आणि ठेकेदार आला. जीप परत आली होती. सोबत बाहेरची माणसं, बर्फाच्या पेट्या आणि डिझेलचे पंप. त्यांनी आधी पाणी सोडायचं दार उघडून तलाव खाली केला. कापलेल्या धानाच्या बांध्यांतून पाणी वाहून गेलं, कुणाच्या कामाचं नव्हतं. उरलेल्यात ओढजाळी फिरवली. मग पंप डोहावर नेले.

मला बाजारात निरोप मिळाला. मी शटर पाडून गावाला पळाले. पाळीवर अख्खं गाव उभं होतं. पोरांच्या हातात काठ्या होत्या, वल्ही होती. ठेकेदाराची माणसं आमच्यापेक्षा कमी होती आणि घाबरलेलीही होती, ते दिसत होतं. एका शब्दाची वाट होती. आणि तो पंपासमोर चिखलात मांडी घालून बसला होता.

"भाऊ, उठा!" मी ओरडले. "पट्टा काढा त्या पंपाचा!"

"कोणी हात लावू नका," तो मागे न बघता म्हणाला. "हात लावला का केस होते. केस झाली का सोसायटी गेली, तलाव गेला. बसा सगळे. बसा."

आणि लोक बसले. काठ्या खाली ठेवून पाळीवर ओळीनं बसले. मी नाही बसले, पण माझ्या एकटीच्या उभं राहण्याला कोण विचारतं. ठेकेदार खाली उतरून त्याच्यापाशी आला. हातात चहाचा कप होता. "बसा, सचिवसाहेब, आरामात बसा," असं म्हणून कप त्याच्यापुढे ठेवला.

पंपाला निळी पट्टी नसते, एवढी साधी गोष्ट त्या एम.ए. झालेल्या माणसाला कळली नाही. पंप बोलत नाही, थकत नाही, त्याला लाज वाटत नाही. डिझेल संपलं की दुसरा डबा येतो. तो बसून राहिला आणि पाणी उतरत गेलं. दगडाखालची पायरी दिसली, जी माझ्या आईनंही कधी पाहिली नव्हती. मग चिखल दिसला. मरळ चिखलात घुसते, तर त्यांनी फावड्यांनी चिखल उपसून मरळ काढली. पोटात अंडी असलेली, मांडीएवढी. पेट्यांत भरताना ती उसळत होती. एक म्हातारी मातामायच्या दगडाकडे तोंड करून कपाळ बडवत होती. पुरा रिकामा करणं म्हणजे काय ते आम्हाला त्या दिवशी दिसलं, आणि करणारा आमचा माणूस नव्हता.

कागदावर तलाव आमचाच राहिला. ते खरं आहे. गाव आजही ते सांगतं, सचिवभाऊनं ठेका जाऊ दिला नाही. त्यात पाणी नव्हतं, मासोळी नव्हती, फक्त ठेका होता. नंतर बाहेरून बीज आणून सोडलं त्यानं, पण ते बाजारातलं रोहू-कतल्याचं बीज. डोहातलं जे गेलं ते काही त्यात मिळत नव्हतं.

आठवड्यानंतर तो कॅफेत आला. बायका बाजारात येत नव्हत्या, टोपल्या नव्हत्या, तरी आला. कोपऱ्यात बसला आणि खेळ उघडला. त्याच्या लोकांनी त्याचं स्वागत केलं. कुठला तरी दैत्य होता. हा चालत गेला, ठिणग्या उडाल्या, दैत्याचा हात वरच्या वर राहिला. तिकडच्या लोकांनी शाबासकी लिहिली.

"कसं खेळवते हो तुमच्याच्यानं?" मी विचारलं.

त्यानं कीबोर्ड बाजूला सारला. मग म्हणाला, "इथी तरी पुरा रिकामा होते."

हे ऐकून कुणाला त्याची दया येईल. मला नाही आली. मी उठले आणि मेन स्विच पाडला. "लाईन गेली," मी म्हटलं. समोरच्या कापडाच्या दुकानात पंखा फिरत होता. त्यानं त्या पंख्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पिशवी उचलून निघून गेला. तो परत कधी कॅफेत आला नाही. त्याचा हिरो कुठल्या भिंतीआड उभा राहिला असेल कुणास ठाऊक.

गावातल्या बायका ट्रकमध्ये बसून आंध्रात मिरची तोडायला गेल्या. आजूबाजूच्या गावांतून दरसाल बायका जायच्या. आमच्या गावातून कुणी जात नसे, कारण आम्हाला तलाव होता. आईनं गोधडी, जर्मनचं भगुलं आणि तांदूळ घेतले. मी ट्रकपाशी उभी राहून तिच्याशी भांडत होते, जाऊ नको म्हणून. तो पाळीवरून चालत आला आणि आईला म्हणाला, "बाई, पुढच्या साली जाळं टाकू आपण."

"कायच्यावर टाकाल, भाऊ?" आईनं विचारलं. टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तिला राग कसा यायचा नाही, हे मला आजवर कळलेलं नाही.

उन्हाळा लागल्यावर आई परत आली. वाळली होती, डोळे लाल. पाय धुऊन घरात बसली आणि मला जवळ बोलावलं. "इकडं ये. माह्या हाताचा वास घेऊन पाह्य."

शाळेत पोरी माझ्याजवळ बसायच्या नाहीत त्या वासावरून. आईच्या हाताला, माझ्या दप्तराला, केसांना मासोळीचा वास यायचा. आईनं राखेनं घासून पाहिलं होतं, लिंबानं, मातीनं. गेला नव्हता. तिनं दोन्ही हात माझ्या नाकाशी धरले. कातडी सोललेली होती आणि मिरचीचा झणका नाकात गेला.

"गेला नाई का पुरा?" आई हसत म्हणाली. "एवढं घासलं जिंदगीभर, नाई गेला. आता पाह्य."

"गेला," मी म्हटलं.

ती हात उलटेसुलटे करून पुन्हा पुन्हा हुंगत होती. मला त्या माणसाचा जीव घ्यावासा वाटला. तेवढ्यात ओट्यावर कुणीतरी येऊन बसल्याचा आवाज आला. बाहेर बघितलं, तर तोच होता. आईची खुशाली विचारायला आला होता. मी दाराला आतून कडी घातली.

"कोण होय वं?" आईनं विचारलं.

"कोणी नाई," मी म्हटलं.